दाखवायचे दात आणि खायचे दात

गेल्या शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. "अरे, हिला शाळेच्या डेंटल कॅम्पमधून चिठ्ठी दिलीये. पुढचे दात उलटे बसतात म्हणे. आई म्हणते, सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू. तुझं काय मत?"

ताईची मुलगी आठ वर्षांची. आणि मत मला विचारायचं कारण म्हणजे आमच्या खानदानात सध्या दातांना तारा लावून हिंडणारा मी एकटाच! वय २८, धंदा सॉफ्टवेअर. ऑफिसातले नवे फ्रेशर्स मला त्यांच्याच बॅचचा समजतात, हा एवढा एकच फायदा आत्तापर्यंत झालाय.

फोनवर जे सांगितलं ते अर्धवटच होतं. म्हणून आज सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवतो. गेले चौदा महिने दर महिन्याला खुर्चीत आ वासून पडल्यापडल्या विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरं आहेत.

तर, माझेही दात उलटेच. म्हणजे कसे? तोंड मिटल्यावर वरचे दात खालच्या दातांच्या किंचित बाहेर यायला हवेत, डब्यावर झाकण बसतं तसे. माझं झाकण डब्याच्या आत जातं. लहानपणी आजी म्हणायची, "पडतील आणि नीट येतील." पडले. आले. तसेच आले! मग दहावी, बारावी, सीईटी, इंजिनियरिंग, कॅम्पस... या सगळ्यात दात कुणाच्या यादीतच नव्हते. पोळीभाजी खाता येत होती ना, मग झालं तर.

नोकरी लागून चार पैसे हातात आले तेव्हा पारदर्शक अलाइनरची जाहिरात दिसली. तार नाही, कुणाला कळणार नाही, वर ईएमआय. मी जवळजवळ पैसे भरलेच होते. ऑफिसातल्या मित्राची बायको डेंटिस्ट आहे, ती म्हणाली, "आधी एखाद्या ऑर्थोडाँटिस्टला दाखव तरी." (दाताचे डॉक्टर बीडीएस असतात. त्यापुढे तीन वर्षं फक्त याच विषयाचं एमडीएस केलेले ते ऑर्थोडाँटिस्ट. हा फरक मला तोवर माहीत नव्हता.)

त्यांनी दातांचे साचे घेतले, समोरून आणि बाजूने असे दोन एक्सरे काढले आणि सांगितलं, "तुमचे दात फारसे वाकडे नाहीतच. वरचा जबडा वाढीत मागे राहिलाय." पर्याय तीन. जबड्याचं ऑपरेशन करून हाडच जागेवर आणायचं. किंवा तारा लावून दात असे कलवायचे की जबड्यातला फरक झाकला जाईल. किंवा काहीच करायचं नाही आणि कडा झिजत राहतील ते बघत बसायचं. मी दुसरा पर्याय घेतला. त्यासाठी खालच्या दोन चांगल्या, न किडलेल्या उपदाढा काढाव्या लागल्या. जाता जाता डॉक्टर म्हणाले, "आठ-नऊ वर्षांचे असताना आला असतात तर वरचा जबडा पुढे ओढायचा मुखवटा लावून बघता आला असता. पुढे ऑपरेशन लागलंच नसतं अशी खात्री नाही, पण संधी होती."

त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी एक शब्द बोललो नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे एक म्हण आहे, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. दातांच्या ट्रीटमेंटबद्दल आपण सगळे फक्त दाखवायच्या दातांचं बोलतो. मेटल की सिरॅमिक? तारा की अलाइनर? कुणाला दिसेल का? लग्नाच्या फोटोंपर्यंत निघेल का? माझं म्हणणं आहे की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसतात का, आणि नसतील तर दोष दातांचा की जबड्याचा?

गंमत म्हणजे हे काही नवीन नाही. एडवर्ड अँगल या अमेरिकन डेंटिस्टने १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचं वर्गीकरण केलं, ते आजही वापरात आहे. त्याने मोजमाप कशावरून केलं? समोरच्या दातांवरून नाही, तर पहिल्या कायमच्या दाढांवरून. वरची दाढ खालच्या दाढेवर कुठे टेकते, यावर तीन वर्ग. हसताना जी दिसतही नाही, त्या दाढेवरून! ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. अमेरिकेतली ऑर्थोडाँटिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा मुलाला दाखवून घ्या असं सांगते, त्यामागे हेही एक कारण आहे. तोवर या दाढा आलेल्या असतात, पुढचे कायमचे दात यायला लागलेले असतात आणि काय गडबड होणार याचा अंदाज येतो.

वयाचा एवढा बाऊ का? कारण दात हलवणं वेगळं आणि जबडा वाढवणं वेगळं. दात हा भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. त्याच्या आणि हाडाच्या मध्ये अगदी पातळ तंतूंचं आवरण असतं. दातावर हलका दाब ठेवला की एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवीन भरून येतं. हा वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर. जास्त जोर लावून डेडलाइन अलीकडे आणता येत नाही, उलट दाताच्या मुळांचं नुकसान होऊ शकतं. (आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला हे वाक्य फ्रेम करून द्यायचा विचार आहे.) हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर हे काम पन्नाशीतही होतं. पण जबड्याच्या वाढीला दिशा देणं, टाळूच्या मधला सांधा उघडून वरचा जबडा रुंद करणं, ही कामं वाढत्या वयात सोपी. एकदा हाडं पक्की झाली की ऑपरेशनची भाषा सुरू होते.

याचा अर्थ सात वर्षांच्या प्रत्येक पोराला तारा ठोका असा मुळीच नाही! नुसते पुढे आलेले दात असतील तर बहुतेक वेळा अकरा-तेरा वर्षांपर्यंत थांबणंच बरं असतं. उलटे बसणारे दात मात्र सहसा लवकर बघावे लागतात. 'दाखवणं' आणि 'सुरू करणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "सहा महिन्यांनी परत आणा" असं सांगणारा डॉक्टर मला तरी जास्त विश्वासाचा वाटतो.

आता साधनांबद्दल, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. साध्या धातूच्या तारांना कमी लेखू नका. सुरुवातीला जी तार घालतात ती बहुधा निकेल-टिटॅनियमची असते. वाकवली तरी मूळ आकारात परत यायला बघते आणि दाताला हळूहळू ओढत राहते. तिचं नाव निटिनॉल, निकेल, टिटॅनियम आणि ती जिथे सापडली त्या अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं मिळून झालेलं. अलाइनरसुद्धा खोटे नाहीत. इन्व्हिझलाइन बनवणारी कंपनी १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी काढली. एका अलाइनरमागे दात जेमतेम पाव मिलिमीटर सरकतो, आणि दिवसाचे २० ते २२ तास तो घालावा लागतो. शिस्त असेल आणि केस योग्य असेल तर उत्तम काम होतं. माझ्यासारख्या चहाबाज माणसाचं काम नव्हे!

पण तपासणीच टाळून नुसतं साधन विकलं की काय होतं? अमेरिकेत स्माइलडिरेक्टक्लब नावाची कंपनी २०१४ मध्ये सुरू झाली. अलाइनर थेट पोस्टाने घरपोच. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये गाशा गुंडाळला. ट्रीटमेंट अर्धवट असलेले लोक वाऱ्यावर. सॉफ्टवेअर कंपनी बुडाली तर डेटा काढून घेता येतो, अर्धे सरकलेले दात कुठे काढून नेणार?

शेवटचं म्हणजे रिटेनर. तारा निघाल्या की दात जुन्या जागी जायला बघतात, म्हणून रात्री रिटेनर घालायचा, तोही वर्षानुवर्षं. गो-लाइव्ह झालं म्हणजे प्रोजेक्ट संपला असं समजणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

"हे सगळं पैसेवाल्यांचं" हा आक्षेप मला मान्य आहे. आमच्या घरी एका पगारात दोघांची शिक्षणं झाली, तारा परवडल्याच नसत्या. पण मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर आहे. तिथे खाजगी क्लिनिकपेक्षा खूप कमी खर्चात काम होतं. खेपा जास्त पडतात, रांग असते. पण निदान एकदा दाखवून तर घेता येतं.

तर ताईला म्हटलं, थांबू नकोस. "मग आईला तूच सांग," ती म्हणाली. सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तुझ्या वेळी आम्हाला कुणी सांगितलंच नाही रे." खरंच आहे ते. म्हणून तर हे लिहिलं.

पुढच्या शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीये. भाचीचा एकच प्रश्न, "मामा, मला कुठल्या रंगाचे रबर मिळणार?" तिला कदाचित काहीच लागणार नाही, हे ऐकून ती जरा नाराजच झाली.

असो. माझी रबर बदलायची वेळ झाली. घरात कुणी सात-आठ वर्षांचं असेल तर आज रात्री दात घासताना एकदा तोंड मिटून बघा, झाकण डब्यावर बसतंय ना!