नोकरी चालू, मग पेन्शन कशाला?

वसुबारसेच्या संध्याकाळी शेजारचे तात्या हातात एक कागद घेऊन आमच्याकडे आले. गेल्याच महिन्यात त्यांना 58 वर्षे पुरी झाली. भोसरीच्या ज्या कारखान्यात ते हिशेब पाहतात, तिथे त्यांना आणखी तीन वर्षे ठेवून घेतले आहे. कागद पेन्शनच्या अर्जाचा होता, नमुना 10-डी. तात्या घुश्शात होते.

"अहो, मी रोज आठच्या बसने कामावर जातो, आणि ही म्हणते पेन्शन घ्या! पेन्शनर म्हणजे बागेतल्या बाकावर बसणारा माणूस!"

आम्ही म्हटले, "तात्या, पेन्शन वय पाहते, बाक नव्हे." कर्मचारी पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून आली. तिची वर्गणी साधारणतः 58 व्या वर्षी थांबते. मालकाच्या वाट्यातले ते पैसे मग प्रॉव्हिडंट फंडात जमा होतात. फंड नोकरी असेपर्यंत चालू राहतो. योजनेत दहा वर्षे भरलेली असली, की नोकरी न सोडताही पेन्शन घेता येते. मात्र ती उत्पन्नात धरून कर द्यावा लागतो.

"आणि साठीपर्यंत थांबलो तर वाढते ना?"

वाढते, वर्षाला 4 टक्के. पण वहिनींनी वहीत हिशेब मांडूनच ठेवला होता. समजा पेन्शन 5000 रुपये. पुढे वर्गणी न भरता दोन वर्षे थांबल्यास ती 5408 होईल. त्यासाठी 1,20,000 रुपये सोडायचे, आणि महिना 408 च्या वाढीने ते भरून निघायला 294 महिने!

"म्हणजे साडेचौऱ्याऐंशी वय," तात्या पुटपुटले.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना तर निवृत्तीच्या बहुतेक खात्यांतून 73 व्या वर्षापासून दरसाल ठरावीक रक्कम काढावीच लागते, नाहीतर दंड. नोकरी चालू असेल, तर त्याच मालकाकडच्या खात्यापुरती बहुधा सवलत मिळते. आपल्याकडे सक्ती नाही. म्हणूनच विचार आपला आपण करायचा.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "माझे मोतीबिंदू हे रिटायर झाल्यावर काढायचे ठरले होते. अजून तीन वर्षे रांगोळीचे ठिपके चुकवायचे का?"

तात्यांनी काही न बोलता आमचे पेन मागितले.

वाचकहो, घरात कुणी अठ्ठावन्नच्या उंबरठ्यावर असेल, तर यंदा लक्ष्मीपूजनाच्या वहीत हाही हिशेब मांडा. आणि मांडताना घरच्या लक्ष्मीलाही विचारा.