भांडण दोघांचे, वाटणी तिसऱ्याची

स्टार्टअपमध्ये श्रेष्ठ कोण, प्रोग्रॅम लिहिणारा की धंदा सांभाळणारा, हा वाद शिकलेल्या तरुणांत मोठ्या हिरिरीने चालतो. ज्या वाट्यासाठी हे दोघे भांडतात त्याची वाटणी करणारा तिसराच असतो, हे मात्र दोघांच्याही ध्यानात येत नाही.

या वादात ॲपलचा दाखला हटकून दिला जातो. 1976 साली स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी संगणकाची रचना केली आणि तिचे आराखडे हौशी मंडळींच्या क्लबात फुकट वाटले. ही वस्तू विकता येईल हे स्टीव्ह जॉब्स यांनी ओळखले. दोघांचेही काम खरे होते. विक्री म्हणजे निव्वळ दलाली, असे मानणे हा काही समाजवादी मंडळींचा जुनाच आळस आहे. परंतु 1977 मध्ये माइक मार्कुला यांनी अडीच लाख डॉलरांची सोय केली आणि त्यांचा वाटा या दोघांच्या बरोबरीचा झाला. मार्कुलांनी व्यवस्थापनही पाहिले, हे मान्य. पण पदरी पैसा नसता तर त्या अनुभवाला हा भाव मिळाला असता काय?

डिसेंबर 1980 मध्ये ॲपलचे समभाग 22 डॉलरने बाजारात आले. आरंभापासून राबलेल्या तासावारी कामगारांना समभाग घेण्याचा हक्कच नव्हता. वॉझ्नियाक यांनी आपल्या वाट्यातले समभाग अनेक सहकाऱ्यांना स्वस्तात दिले. थोर गोष्ट खरी. पण न्याय एका भल्या माणसाच्या औदार्यावर सोडावा लागला, हीच त्या व्यवस्थेची नामुष्की नव्हे काय?

आज तर वाटणीचे नियम करारातच गोठवलेले असतात. समजा, गुंतवणूकदारांनी 30 कोटी घातले आणि कंपनी 32 कोटींना विकली गेली. त्यांना अग्रहक्क असेल तर 30 कोटी प्रथम त्यांचे. उरलेल्या 2 कोटींत संस्थापक, प्रोग्रॅमर आणि विक्रेता. चार वर्षे कमी पगारावर रात्री जागवलेल्या प्रोग्रॅमरला त्या वेळी कळते की आपण मालक कधी नव्हतोच. तोवर मात्र त्याला युनियनचे नाव काढणेही कमीपणाचे वाटत असते! औद्योगिक संबंध संहिता, 2020 मधील कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणाराही येतो. पण ती वाचायची कोणी?

या मंडळींना उपदेश करून भागणार नाही. हिंजवडीत सभा घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक साधी मागणी धरावी: पगाराच्या बदल्यात समभाग देऊ केले असतील, तर गुंतवणूकदारांशी झालेल्या करारातील वाटणीची कलमे नेमणूकपत्रासोबतच कामगाराच्या हाती पडली पाहिजेत, आणि तीही त्याला समजेल अशा भाषेत.