पहार खणखणली म्हणून थांबू नका

शिरूरजवळच्या माळावर मामूंनी टॉवरसाठी थोडी जागा भाड्याने दिली. चार हात खणल्यावर पहार खणखणली. मुकादम म्हणाला, "मामू, काळा पाषाण लागला. आता आणखी खाली कशाला जायचं?" मामूंना पटलं. मुमानींनी मात्र विचारलं, "अहो, घराचा पाया आणि टॉवरचा पाया सारखाच असतो का?"

प्रश्न रास्त होता. घर आपल्या वजनाने पायावर बसतं. टॉवर उंच आणि सडपातळ. वारा रेटतो तेव्हा त्याचे एका बाजूचे पाय दाबले जातात आणि वाऱ्याकडचे पाय उपटू पाहतात. खडक दाब सोसतो, पण त्यावर नुसता ठेवलेला काँक्रीटचा ठोकळा तो धरून ठेवत नाही. म्हणून एक तर नकाशातल्या खोलीपर्यंत खडक फोडायचा, नाही तर त्यात भोकं पाडून लोखंडी सळ्या सिमेंटने पक्क्या बसवायच्या. यातलं काय करायचं ते इंजिनिअरने ठरवायचं, मुकादमाने नव्हे.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने खड्ड्याच्या तळाला ड्रिल मारायला लावलं. तीन फुटांखाली पुन्हा मुरूम लागला! पाषाण वाटला तो सुटा धोंडा होता. आपल्याकडचा बेसाल्ट खडक झिजताना मुरमात असे गोल धोंडे मागे राहतात.

दौंडकरांना उंच खांबांची ओळख जुनी आहे. 6 सप्टेंबर 1927 रोजी इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवण्याचं केंद्र खडकीला आणि घेण्याचं दौंडला होतं. पाठवणारं यंत्र शेजारी असतं, तर दुरून येणारा क्षीण संदेश त्याच्या गोंगाटात बुडाला असता. संदेश हवेतून येई, पण तो झेलणाऱ्या तारांचे खांब पायावरच उभे असत.

तुमच्या जागेत असं काम निघालं, तर काही गोष्टी पाहा. जवळ विहीर किंवा घर असेल, तर सुरुंगाऐवजी ब्रेकरने फोडायला सांगा. सुरुंग लागलाच, तर परवानाधारक माणूसच हवा. रात्री खड्ड्याला कुंपण घाला. मुलं आणि गुरं अंधारात फिरकतात. काँक्रीट ओतण्याआधी साचलेलं पाणी आणि सुटी खडी काढायला लावा. नंतर निदान सात दिवस पाणी मारायला हवं. आपल्या उन्हात तर त्यात कसूर नको. कोरड्या खडकातून वीज नीट जमिनीत उतरत नाही, म्हणून अर्थिंगचा खड्डा जवळच्या ओलसर मातीत घेऊन पट्टीने जोडतात. तेही विचारून घ्या.

आणि खड्डा बुजवण्याआधी टेप लावून त्याचे फोटो काढून ठेवा. एकदा माती पडली की खाली काय आहे, ते कुणालाच दिसत नाही. मुमानींनी तेव्हा विचारलं नसतं, तर तो टॉवर धोंड्यावरच उभा राहिला असता.