दमलं म्हणजे व्यायाम झाला?

‘घरातली कामं काय कमी आहेत, म्हणून आणखी व्यायाम करायचा?’ आमच्या केळशीत कुणाही बाईशी बोला, हेच ऐकायला मिळेल. ते खोटंही नाही. आंब्याच्या दिवसांत तर पाठ टेकायला सवड नसते. पण मैत्रिणींनो, दमणं वेगळं आणि ताकद वाढणं वेगळं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शरीर मोठं हिशेबी असतं. जेवढी गरज, तेवढीच तयारी ठेवतं. महालक्ष्मीच्या देवळापासून समुद्रापर्यंत भराभर चाललं की पहिल्या दिवशी धाप लागते. रोज चाललात की काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि तीच वाट सोपी वाटते. सोपी वाटली की प्रगती तिथंच थांबते. मग वेग वाढवायचा, नाहीतर सरळ मऊ वाळूतून चालायचं!

घरकामाची अडचण हीच आहे. कळशी काल जेवढी होती तेवढीच आजही असते. शरीराला तिची सवय होऊन गेलेली असते, त्यामुळे कंबर दुखते, पण ताकद वाढत नाही. आपल्या आज्या रहाटानं पाणी काढायच्या, जात्यावर दळायच्या. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही (त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही पंपच मागितला असता). पण ती कामं गेली आणि त्यांनी कमावलेले स्नायूही गेले. त्यात पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात. मग न्हाणीघरात पाय घसरायचं निमित्त होतं, खुब्याचं हाड मोडतं आणि उठण्या-बसण्यालाही दुसऱ्याचा हात लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय, आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं आणि निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. चालणं आपण ऐकतो, दुसरं सोडून देतो. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. जमलं की हातात लिटरभर पाण्याची बाटली घ्या, म्हणजे एक किलो झालं. पुढे दोन्ही हातांत एकेक. श्वास मात्र रोखू नका, आणि रक्तदाब किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिल्या काही आठवड्यांत दंड-मांड्यांत फरक दिसणार नाही, कारण तेव्हा मेंदू असलेल्याच स्नायूंना जास्त कामाला लावायला शिकत असतो. स्नायू भरायला त्यापुढे महिने लागतात. आणि बाप्यासारखे दंड होतील ही भीती तर सोडूनच द्या. बायकांच्या अंगात तेवढं टेस्टोस्टेरॉनच नसतं.

स्नायू भरतात ते विश्रांतीत आणि खाण्यातल्या प्रथिनांवर. कुळीथ, डाळी, अंडी, मासळी आपल्याच स्वयंपाकघरात असतात. फक्त बाईचं पान शेवटी मांडलं जातं, तोवर कालवणात नुसता रस्सा उरलेला असतो. वाढायला घेण्याआधीच आपल्यासाठी एक तुकडी बाजूला काढून ठेवा.