हेगच्या कोर्टाला हवालदार नाही

मी मॅट्रिक. बोईसरहून पहाटेची लोकल धरतो, गोदीत हमाली करतो. परवा पालघर स्टेशनवर एक शिकलेला म्हणाला, "तुला रे हेगच्या कोर्टाशी काय करायचंय?" करायचंय. ऐका.

युद्धगुन्हे, वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे करणाऱ्या मोठमोठ्यांवर खटले चालवायला हेगमधलं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय 2002 ला उभं राहिलं. पण त्याच्याकडं एक हवालदार नाही. वॉरंट त्यानं काढायचं, मुसक्या देशांनी बांधायच्या. 2023 ला पुतीनवर वॉरंट निघालं. 2024 ला तो मंगोलियात जाऊन सलामी घेऊन आला. मंगोलिया सभासद, तरी बोट लावलं नाही. उलट फिलिपाईन्स 2019 लाच बाहेर पडलेला. त्यानं 2025 ला आपल्याच माजी अध्यक्षाला, दुतेर्तेला, धरून हेगला धाडलं. म्हणजे नुसत्या सहीनं भागत नाही. धरायची दानत लागते.

हे आम्हाला नवं नाही. माझ्या मावसभावाला गावात झोडपलं, तेव्हा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा 1989 पासून पुस्तकात होताच. हवालदार पेनच उचलेना. म्हणाला, "गावचं गावात मिटवा."

1998 ला रोममध्ये मतदान झालं. 120 देश बाजूनं, 7 विरुद्ध, आणि 21 तटस्थांत आपला भारत. सुरक्षा परिषदेतल्या बड्यांच्या हाती कोर्टाचा लगाम नको, ही आपली तक्रार रास्त. अणुबॉम्ब टाकणं गुन्हा ठरवा, हेही रास्त. पण दोनच महिन्यांपूर्वी पोखरणला स्फोट केलेल्या तोंडानं! आम्ही तारापूरच्या अणुकेंद्राच्या शेजारचे, आम्हाला हे कुणी शिकवायला नको. तिसरी तक्रार मात्र ओळखीची निघाली. देशातल्या लढायांत बाहेरच्या कोर्टानं नाक खुपसू नये. म्हणजे देशाचं देशात मिटवा! 2001 ला डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न निघाला, तेव्हाही सरकारनं हेच तुणतुणं वाजवलं.

अरे, देशातलं कोर्ट प्रामाणिकपणे चालत असेल तर हेग मध्ये पडतच नाही, असा त्याचा नियमच आहे. मग भ्यायचं कशाला?

ते कोर्ट काही आमचा तारणहार नाही. त्याच्या कायद्यात वर्णभेद गुन्हा म्हणून लिहिलाय, 'जात' हा शब्द कुठंच नाही. तो घालायचा तर आत बसून भांडावं लागेल. उंबऱ्याबाहेर उभं राहून काय होतं, ते आमच्या बापजाद्यांना विचारा.

म्हणून सांगतो, सरकारनं सही करावी. आणि सहीच्या आधी चौकीतल्या हवालदाराच्या हातात पेन द्यावं. गावचं गावात मिटवतात तेव्हा मिटतो तो आमचाच माणूस.