ब्रेक ‘फेल’ कोण करतो?

व्याकरणाच्या तासाला आपल्याला शिकवतात की वाक्यात क्रिया करणारा तो कर्ता. आता हे वाक्य घ्या : ‘घाटात गाडीचे ब्रेक फेल झाले.’ कर्ता कोण? ब्रेक! गाडीचा मालक वाक्यात नाही, चालवणारा नाही आणि त्या गाडीतून सहा सहा महिने निमूटपणे फिरणारे आपण तर नाहीच नाही. हे वाक्य मी लहानपणापासून वर्तमानपत्रात वाचत आले आणि ‘वीज पडली’, ‘पूर आला’ यांच्याच पंक्तीला त्याला बसवत आले. गेल्या मे महिन्यापासून मात्र मला त्याचा राग येतो.

मी मूळची सांगलीची, शिकायला साताऱ्यात. सुट्टीत मामांच्या गाडीतून आम्ही महाबळेश्वरला गेलो. गाडी सतरा वर्षांची, एमएच १० ची पाटी मिरवणारी, मामांकडे येण्यापूर्वी दोन घरे फिरून आलेली. तिचा ब्रेक एकदा दाबला तर पेडल खोल जाई. दुसऱ्यांदा मारला की लागे. मामा हे कौतुकाने सांगत, “तिचा स्वभावच आहे तसा. दोनदा हाक मारावी लागते तिला.” आम्ही हसायचो. दोष जुना झाला की आपण त्याला स्वभाव म्हणू लागतो. माणसांच्या बाबतीत हे औदार्य शोभते, मोटारीच्या बाबतीत नाही!

सांगली-मिरज रस्त्यावर हा स्वभाव खपून गेला होता. तिथे उतारच नाही. गाडी थांबवायची म्हणजे पुढच्या म्हशीसाठी नाहीतर उसाच्या ट्रॉलीसाठी, तीही तीस-चाळीसच्या वेगात. सपाटीवर आजारी ब्रेक वर्षानुवर्षे धडधाकट दिसू शकतो. त्याची खरी परीक्षा सातारा जिल्ह्यात, घाटात होते.

पाचगणीहून वाईला उतरताना पसरणीचा घाट लागतो. एवढ्याशा अंतरात गाडी जवळजवळ दोन हजार फूट खाली येते. शास्त्र शाखेतल्या एका मैत्रिणीने मला नंतर हिशेब करून दिला. चार माणसांसह हजार किलोची गाडी तेवढी खाली आणताना सगळा भार ब्रेकवर टाकला, तर जी उष्णता तयार होते तिच्यात सतरा-अठरा लिटर पाणी, म्हणजे चांगली मोठी बादली, उकळेल. मामांनी तर पेट्रोल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली होती. म्हणजे इंजिनाची रोखणारी मदतही त्यांनी आपणहून नाकारली. (पेट्रोलही वाचत नाही. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये उलट थोडे जळत राहते.)

अर्ध्या घाटात जळका वास आला. मग मामांचा पाय दोनदा, तीनदा, चारदा हलताना दिसला आणि बोलणे थांबले. त्यांनी हँडब्रेक थोडा थोडा ओढत, गिअर टाकत गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली. कुणाला काही झाले नाही. एवढेच लिहिते, कारण ते काही क्षण मला अजून नीट आठवत नाहीत.

खरी गोष्ट पुढेच आहे. अर्ध्या तासाने मामांनी पेडल दाबून पाहिले, तर ब्रेक लागत होता! “बघ, आला की! चला, बसा.” मामी म्हणाल्या, “मी चालत वाईला जाईन, पण यात बसणार नाही. आणि तुम्हीही बसू नका.” त्या दिवशी आमच्यात शहाणे माणूस तेवढे एकच होते. ब्रेकचे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ जातीचे कोरडे, नवे ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळते. ओल धरलेले १४० च्या आसपासच उकळू लागते. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकते. गार झाले की वाफेचे पुन्हा ऑइल होते आणि ब्रेक ‘परत येतो’, पुढच्या उतारापर्यंत.

वाईच्या मिस्त्रींनी बाटलीचे झाकण उघडले. आतले ऑइल कोऱ्या चहासारखे काळे. “हे बदललं कधी होतं?” मामा म्हणाले, “बदलायचं असतं? मी तर कमी झालं की वरून घालत होतो.” ते कमी का होते, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. एक तर लायनर झिजलेले असतात, नाहीतर कुठेतरी गळती असते. मामांच्या गाडीत दोन्ही होते. मिस्त्रींनी मागच्या टायरच्या आतल्या अंगावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, “ताई, हात लावा इथं.” लिंबाएवढा फुगा! आतले धागे तुटल्याशिवाय असा फुगा येत नाही आणि तो केव्हा फुटेल हे कुणी सांगू शकत नाही. बाहेरून टायर छान दिसत होता. आपण टायर पाहतो तो नेहमी बाहेरूनच.

मामा वाईट माणूस नाहीत, निष्काळजीही नाहीत. रोज सकाळी गाडी पुसतात. म्हणूनच मला हे लिहावेसे वाटले. पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री साताऱ्याकडून आलेल्या एका ट्रकमुळे अनेक वाहनांचा चेंदामेंदा झाला. पहिली बातमी अर्थात ‘ब्रेक फेल’. मागाहून पोलिसांनी सांगितले की ब्रेक निकामी नव्हते. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते. वाक्यातला कर्ता सापडायला चौकशी व्हावी लागली.

कुणी म्हणेल, तपासणी सरकार करतेच की. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. मग तपासणी करून पाच पाच वर्षांनी नूतनीकरण. मधल्या पाच वर्षांत कोण पाहणार? आणि पाहायला लागते तरी काय? इंजिन बंद ठेवून पेडल दोन-तीनदा दाबा, मग अर्धा मिनिट पाय तसाच ठेवा. ते हळूहळू खाली सरकत गेले तर आत गळती आहे. स्पंजासारखे लागले तर हवा शिरली आहे. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते, एकच चाक इतरांपेक्षा फार तापते, पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज येतो – या तक्रारी गाडी आपल्या भाषेत करीतच असते. टायरच्या खाचेत बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की १.६ मिलिमीटरची कायद्याची मर्यादा गाठली. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. आपण कलाशाखेची मुले शिलालेख वाचायला जातो. टायरच्या अंगावरचे चार आकडेही वाचून पाहावेत. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. कमी फिरणाऱ्या गाडीच्या टायरच्या खाचा शाबूत दिसतात, पण रबर म्हातारे होऊन भेगाळलेले असते.

आमच्या सांगलीकरांना आणखी एक सांगते. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते आपण डोळ्यांनी पाहिले. त्या सगळ्या भंगारात गेल्या असे मानणे भाबडेपणाचे आहे. जुनी गाडी घेताना तिच्या ड्रममधला गंज आणि हँडब्रेकची केबल पाहा. रंग मागाहून पाहा.

डिसेंबरात आमच्या वर्गाची प्रतापगडची सहल निघाली. पालकांचे संमतिपत्र सर्वांकडून दोनदा तपासून घेतले गेले. भाड्याच्या जुन्या जीपकडे कुणी पाहिले नाही. मी चाकापाशी वाकले तेव्हा मुले हसली, चालक म्हणाला, “काय शोधताय ताई, रुपया पडला का?” सर मात्र खाली उतरले. स्टेपनीच्या टायरमधून तारा बाहेर आल्या होत्या आणि पुढचे डावे टायर गोटा झालेले होते. दोन्ही बदलून येईपर्यंत दीड तास गेला. गडावर वेळ कमी पडला, ध्वजबुरुज राहिला आणि त्याबद्दल परतीच्या वाटेवर सगळ्यांनी मला मनसोक्त बोलून घेतले.