मुलं कोणाची होती?

पालकसभेला पाहुणे वक्ते आले की मार्शमेलोची गोष्ट येतेच. चार वर्षांच्या मुलापुढे एक मार्शमेलो ठेवायचा, पंधरा मिनिटं थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. जी थांबली ती पुढे अभ्यासात चमकली. तेव्हा पालकहो, मुलांना संयम शिकवा! टाळ्या. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माझा हात वर गेला की मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठी पडते.

मुलं कोणाची होती, एवढंच मला विचारायचं असतं. वॉल्टर मिशेल यांचे हे प्रयोग १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग नर्सरीत सुरू झाले. मुलं बरीचशी तिथल्याच प्राध्यापकांची, विद्यार्थ्यांची. प्रयोग साडेसहाशे मुलांवर झाले. १९९०च्या शोधनिबंधात प्रवेशपरीक्षेचे गुण मात्र ९४ जणांचेच होते. 'संध्याकाळी आणते' म्हटलं की संध्याकाळी खाऊ येतोच, अशा घरातलं मूल थांबणारच. जिथे ती खात्री नाही, तिथल्या पोराने पुढ्यातलं मटकावलं तर त्याला उतावळं म्हणायचं की व्यवहारी? २०१८मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९००हून जास्त मुलांची माहिती तपासली. भर दिला तो आईकडे पदवी नसलेल्या मुलांवर. थांबण्याचा पुढच्या गुणांशी असलेला संबंध निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची कुवत हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गळाला.

अमेरिकेला नावं ठेवून आपण मात्र सुटत नाही. एम.ए.चे प्रकल्प माझ्या टेबलावर येतात. शीर्षक, 'महाराष्ट्रातील युवकांमधील ताणतणाव'. सँपल, हॉस्टेलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवलेला गूगल फॉर्म. सोबत 'प्लीज भरा गं, दोनच मिनिटं लागतात'. भरणाऱ्या सगळ्या मैत्रिणी. ऊसतोडीला गेलेला, एमआयडीसीत रात्रपाळी करणारा युवक त्यात औषधालाही नाही. त्यावर गाइडचा सल्ला, 'मर्यादांमध्ये एक ओळ टाकून दे.'

सोयीचा नमुना घेणं हा गुन्हा नाही. यादृच्छिक नमुन्याला आधी संपूर्ण यादी लागते. राज्यातल्या युवकांची यादी या पोरींना कोण देणार? पैसा नाही, वेळ नाही, सबमिशनची तारीख डोक्यावर. पण मग शीर्षकही तेवढंच ठेवा : 'मुलींच्या एका वसतिगृहातील ताणतणाव'. दिसायला लहान आहे, पण खरं आहे.

विद्यापीठांनी विषय मंजूर करतानाच शीर्षकाशेजारी नमुन्याची ओळ मागावी. शीर्षक नमुन्यापेक्षा मोठं असेल, तर प्रस्ताव परत पाठवावा.